आत्याबाईंच्या स्वैपाकघरातला उतार

फीना स्नूक फरशीच्या धंद्यात पडली ती केस कापायच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून.

झालं असं, की सरकारनं मासा धरायला बंदी घातली. स्क्विड कोव्ह या समुद्राकाठच्या गावात मासा म्हणजे कॉड; बाकी सगळ्यांना आपापली नावं आहेत, नुसता मासा म्हणायचं ते एकालाच. मासा बंद झाला तसा धक्क्यावरचा कारखाना बंद झाला, आणि रबरी बूट घालून उभ्यानं काटे काढणाऱ्या गावातल्या झाडून साऱ्या बाया घरी आल्या. सरकार म्हणालं, घरी बसू नका, काहीतरी नवं शिका. शाळेच्या हॉलात टेबलं मांडली गेली. फीना तिथं उशिरा पोचली, कारण तिच्या नवऱ्याला, लिअँडरला, त्याचा दुसरा मोजा सापडत नव्हता. तोवर केस कापायचा वर्ग भरला होता, केक सजवायचा भरला होता, कॉम्प्युटरपुढं तर पुरुषच जाऊन बसले होते. उरलं होतं फरशीकाम.

"बाई, यात वजन उचलावं लागतं," टेबलामागचा माणूस म्हणाला.

"माझा नवरा बघितला नाही वाटतं तुम्ही," फीना म्हणाली. "लिहा नाव."

शिकवायला आलेला मास्तर शहरातला. पोट एवढं, की स्वतः बसवलेली फरशी त्याला उभ्यानं दिसत नसावी. पण हाताला गुण होता. त्याचं सगळं लक्ष फरशीच्या खाली. "फरशी काय, कुणीही चिकटवेल," तो म्हणायचा. "खालचं लाकूड बघा. लाकूड पावसाळी हवेत फुगतं, थंडीत आकसतं, पाय पडला की लवतं. फरशीला यातलं काही जमत नाही. ती फक्त तडकते. अशा दोघांचा संसार लावायचाय तुम्हाला." आणि मग पोरांकडून पाढे म्हणून घ्यावेत तसा तो बायांकडून म्हणून घ्यायचा: फरशीखालची जमीन कशी? सपाट. आणखी? ताठ. आणखी? कोरडी.

स्क्विड कोव्हमध्ये घर म्हणजे लाकडाचं, खडकावर मेढी रोवून त्यावर बसवलेलं. तिथं फरशी कोण लावणार, असं वाटलं होतं. पण एका बाईनं लावली की दुसरीला हवी असते. फीनानं दुकानदाराचं स्वैपाकघर केलं, दवाखान्यातली बसायची जागा केली, चर्चच्या हॉलातली मोरी तर अशी केली की लोक कामाशिवाय जाऊन बघून यायचे. खाडीच्या दोन्ही काठांवर तिचं नाव झालं. तिच्या हातची फरशी नाही असं एकच घर राहिलं होतं, तिच्या सासूचं.

सासूचं नाव सबीना. अख्खं गाव तिला आत्याबाई म्हणायचं, तशी सूनही आत्याबाईच म्हणायची. फरशीचा विषय काढला की आत्याबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "दगडावर मासे वाळवायचे, बाई. मानसं न्हाईत."

आत्याबाईंचं घर मूळचं स्क्विड कोव्हचं नव्हतं. ते खाडीपलीकडच्या पिंचगट बेटावरचं. नावाचा अर्थच पोटाला चिमटा, आणि बेट नावाला जागणारं होतं. त्याही वेळी सरकारनंच सांगितलं, की बेट सोडा, इकडं रस्ता आहे, दवाखाना आहे. माणसं निघाली, पण चांगली उभी घरं टाकून कोण येणार? घरांखाली रिकामी पिंपं बांधली, भरतीला घरं पाण्यात लोटली आणि होड्यांमागं ओढत आणली. आत्याबाई घरातच बसून आल्या. चूलही पेटती होती. खाडीच्या मध्यावर त्यांनी खिडकी उघडून होडीवाल्यांना चहा विचारला, असं अजून सांगतात.

इकडं आल्यावर घराखाली मेढी लावल्या त्या आत्याबाईंच्या नवऱ्यानं, एलायनं. मेढी लावून झाल्यावर तो आत गेला आणि टेबलावरच्या कपातला चहा वाकून बघितला. चहा चहूकडं सारखा. "झालं," एलाय म्हणाला, आणि त्यानं तो चहा पिऊन टाकला. आता भरती अजून उतरली नव्हती, घराचा समुद्राकडचा भाग पिंपांवर तरंगत होता, हे त्याच्या ध्यानात कसं आलं नाही देव जाणे. ओहोटी लागली, पिंपं खाली बसली आणि घरानं समुद्राकडं मान टाकली. "बर्फ वितळला की बघू," एलाय म्हणाला. त्यानंतर खूपदा बर्फ वितळला. एलाय वारला. उतार राहिला.

उतार तसा तीनच बोटांचा. वर चूल, खाली समुद्राकडच्या कोपऱ्यात पिठाचं पिंप. पण उतारावर राहून राहून घर त्या उताराला शिकलं होतं. टेबलाचे चुलीकडचे दोन पाय कापून आखूड केलेले. कपाटाखाली एका बाजूला फळीचे तुकडे. भिंतीवरचं जहाजाचं चित्र सरळ टांगलं की वाकडं दिसायचं, म्हणून ते वाकडं टांगलेलं. आणि पिठाच्या पिंपाशी, कोपऱ्यात, जमिनीवर एक पत्र्याची थाळी. स्वैपाकघरात काहीही गोल हातातून पडलं, बटण, औषधाची गोळी, शनिवारच्या सूपचा वाळका वाटाणा, की ते घरंगळत त्या कोपऱ्यात जायचं आणि थाळीत वाजायचं, टण्ण. आत्याबाईंना डोळ्यांनी आताशा निम्मंच दिसायचं. पण त्यांचं काही हरवायचं नाही.

आत्याबाई पडल्या त्या उतारानं नाही. पडल्या मेणकापडानं.

खाली जमिनीवर मेणकापड अंथरलेलं असायचं. नाताळ आला की जुन्यावर नवं, नव्यावर आणखी नवं. चुलीतली ठिणगी उडून त्याला भोकं पडायची, भोकांच्या कडा वर वळायच्या. एके सकाळी आत्याबाईंच्या सपातेचं टोक त्या कडेत अडकलं आणि त्या किटलीसकट आडव्या झाल्या. हाड वाचलं, कंबर मात्र निळीजांभळी झाली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

दवाखान्यातली नर्स मर्टल आली. गावचीच पोर, आत्याबाईंनीच तिला लहानपणी बोटं चाटेपर्यंत पाव आणि काकवी खाऊ घातलेली. ती बिचारी खुर्चीच्या कडेवर बसली.

"आत्याबाई, आता तिसऱ्यांदा पडलात तर मला कुणी विचारणार नाही. थेट शहरातल्या वृद्धाश्रमात नेतील."

"तिथनं समुद्र दिसतो का गं?"

मर्टलला खोटं बोलता येत नव्हतं. "गाड्या लावायची जागा दिसते."

"गाड्या," आत्याबाई म्हणाल्या. जरा वेळानं पुन्हा म्हणाल्या, "गाड्या!"

"जमीन नीट करून घ्या. मी महिनाअखेरीला येईन. चुलीवरनं किटली उचलायची आणि कुठं न धरता टेबलापर्यंत चालत यायचं. तेवढं केलंत तर तुम्ही इथंच. नाहीतर मला कळवावं लागेल."

मर्टल गेल्यावर आत्याबाईंनी सुनेला बोलावणं धाडलं. फीना आली तर त्या खिडकीकडं तोंड करून बसलेल्या.

"फीने."

"काय, आत्याबाई?"

"घाल बाई तुझा दगुड."

फीना घरी गेली ती जवळजवळ नाचत. इतक्या वर्षांनी सासूचं स्वैपाकघर! तिनं लिअँडरला दिवाणावरून उठवलं, हेही त्या दिवसाच्या मोठ्या घटनांमध्ये धरायला हरकत नाही.

दोघांनी मिळून स्वैपाकघर रिकामं केलं. आत्याबाईंची रवानगी पुढच्या खोलीत झाली. नाकाला फडकं बांधून, पाणी शिंपडत शिंपडत फीना मेणकापडाचे थर उचकटायला लागली. वरचं निळ्या चौकड्यांचं. त्याखाली गुलाबांचं. त्याखाली करड्या रंगाचं, ते एलायनं स्वस्तात आणलेलं आणि आत्याबाईंनी त्यावरनं त्याला वर्षभर बोलून घेतलेलं. एका पिवळ्या थराशी लिअँडर थबकला.

"ह्याच्यावर म्या रांगलोय."

"त्यानंतर काय केलंस ते सांग. फाडायला हात लाव."

थर संपले आणि फळ्या लागल्या. बेटावरच्या जुन्या फळ्या, रुंद, मधाच्या रंगाच्या. फीना गुडघ्यांवर बसून एकेक फळी पेचकसानं टोचत गेली. लाकूड टणक, मोरीपाशी तेवढी एक फळी पावासारखी मऊ लागली, ती तिनं काढून नवी घातली. वर आलेले खिळे कुठं उपटले, कुठं ठोकून बसवले. मग ती मधोमध उभी राहिली आणि तिनं जागच्या जागी उडी मारली. पुढच्या खोलीत नेलेल्या कपाटातले कप खुळखुळले.

"लवतेय," ती म्हणाली. "खाली जावं लागेल."

खाली म्हणजे घर आणि खडक यांच्या मधल्या फटीत, जिथं मांजर वाकून जातं. लिअँडरला दिवा धरायला नेलं. फीनानं उताणं पडून तुळया तपासल्या, दोन थकलेल्या तुळयांना शेजारी नव्या तुळया जोडून दिल्या, आणि सगळ्यांच्या मधोमध आडवे ठोकळे ठोकले, एकीनं लवायचं म्हटलं तर दुसरीनं धरून ठेवावं असे. काम चालू असताना दिवा हळूहळू खाली येऊ लागला.

"लिअँडर!"

"जागा हाय म्या."

"मग दिवा का झोपलाय?"

वर येऊन तिनं फळ्या स्क्रूनं तुळयांना आवळल्या. खिळे नाहीत, खिळा आज ना उद्या कुरकुरतो. पुन्हा उडी मारली. कप गप्प. पुढच्या खोलीतनं आवाज आला, "कोन मेलं का? कप वाजले न्हाईत."

इथवर सगळं बरोबर चाललं होतं. मग फीनानं पातळी बघायची पाणसळ काढली आणि फळ्यांवर ठेवली. आतला बुडबुडा पळत गेला आणि एका टोकाला जाऊन लपला.

आता हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्याच पाणसळीत, आपल्याच कामावर तो बुडबुडा असा तोंड लपवून बसलेला बघणं वेगळं. खाडीच्या दोन्ही काठांवर नाव झालेली बाई ती. सासऱ्यानं एका कप चहावर सोडून दिलेलं काम पुरं करायची पाळी आपल्यावर आलीय, असं तिला वाटलं. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. आत्याबाईंनी नाही, मर्टलनं नाही. मर्टल फक्त 'नीट' म्हणाली होती. पण फीनाच्या मनात नीट म्हणजे पातळीत हे असं घट्ट बसलं, की दुसरा अर्थ शिरायला जागाच उरली नाही.

तिनं लांब लांब पट्ट्या तासल्या, चुलीकडं निमुळत्या होत शून्य, समुद्राकडं तीन बोटं जाड. त्या तुळयांच्या रेषेवर स्क्रूनं बसवल्या. वर जाड प्लाय, सांधे एकापुढं एक येऊ न देता, भिंतीपाशी लाकडाला फुगायला फट ठेवून. मग पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध येऊन बसला, आणि चर्चमधल्या पहिल्या बाकावरच्या माणसासारखा हलेना.

गावात बातमी पसरली. आत्याबाईंचा उतार गेला! लोक बघायला आले. कुणीतरी चेंडू आणला आणि जमिनीवर ठेवला. चेंडू आपला ठेवला तिथंच. सगळे त्याच्याकडं बघत उभे राहिले. "छान झालंय," लोक म्हणाले, पण मयताला आल्यासारखे म्हणाले आणि चहा न घेता गेले.

टेबल आत आणलं तर ते चुलीकडं कललं. साहजिक होतं, त्याचे दोन पाय उतारासाठी कापलेले. फीना म्हणाली, बघू सावकाश. पण लिअँडर, ज्यानं आयुष्यात कुठलंच काम वेळेत केलं नव्हतं, त्यानं त्या दिवशी नेमकी करवत काढली आणि उरलेले दोन लांब पाय सटासट कापून टेबल सरळ केलं.

"बघ," तो म्हणाला, "म्हनतीस ना, काही करत न्हाई."

मर्टल यायच्या आधी एकदा किटली घेऊन चालून बघू, असं फीना म्हणाली. आत्याबाई आल्या, दारात थांबल्या. एक पाऊल आत टाकलं. दुसरं टाकलं. चुलीकडं जाताना त्यांनी सवयीनं चढ चढायला पाय उचलला आणि चढ नव्हताच. पाय धप्पकन पडला. जिना संपलाय हे ठाऊक नसताना माणूस आणखी एक पायरी चढायला जातं, तसं झालं. चुलीला धरून त्यांनी तोल सावरला, किटली उचलली, टेबलाकडं वळल्या आणि उतार असल्यासारख्या मागं रेलल्या. चहाचं पाणी सांडलं. त्या पाठीवर पडायच्या आत लिअँडरनं त्यांना काखेत धरलं.

खुर्चीत बसवल्यावर मग त्यांनी खिशातनं औषधाची डबी काढली, तर गोळी खाली पडली. त्यांनी कान टवकारले. थाळी वाजली नाही.

"कुठं गेली?" त्या म्हणाल्या.

फीना गुडघ्यांवर शोधायला लागली. गोळी खुर्चीखालीच होती, दोन वितींवर. आत्याबाईंना ती दिसत नव्हती.

"ह्या घरात बसून म्या खाडी वलांडली," आत्याबाई म्हणाल्या. "लाटा व्हत्या. पन मला समुद्र लागला न्हवता. आज लागला."

त्यांनी सुनेला दोष दिला नाही. तेच फीनाला लागलं. रोजच्यासारख्या खणखणीत बोलल्या असत्या तर तिनंही दोन शब्द सुनावले असते. त्या नुसत्या म्हणाल्या, "गाड्यांच्या रंगाबिंगाची सवय करून घेतली पाहिजे," आणि पुढच्या खोलीत गेल्या, भिंतीला धरून.

मर्टल यायला थोडेच दिवस राहिले होते. फीना बाहेर पडली ती धक्क्याकडं, कुठं जायचं हे न ठरवता. लिअँडर दोन पावलं मागनं आला. त्याला बायकोचं काही न बोलणं सोसत नसे.

धक्क्यावरच्या लाकडी माचीवर मासा कापायचं टेबल अजून उभं होतं. फीना पोरवयापासून त्या टेबलाशी उभी राहिलेली. बंदीनंतर त्यावर फक्त उन्हाळ्यात, घरच्यापुरता धरायला मिळतो तो मासा कापला जायचा. तिनं सवयीनं त्यावर तळहात फिरवला. सुऱ्यांनी आणि खरवडण्यानं गुळगुळीत झालेलं लाकूड, तळहाताला कुठं खळगा लागत नव्हता की उंचवटा. आणि सगळं टेबल समुद्राकडं कललेलं. अर्थात कललेलं. नाहीतर रक्त आणि आतडी पाण्यात कशी जाणार? जन्मात कुणी त्या टेबलाला वाकडं म्हटलं नव्हतं.

तिचा हात टेबलावरच थांबला.

"लिअँडर, मास्तर काय म्हणून घ्यायचा आमच्याकडनं?"

"मला काय म्हाईत? तू झोपेत म्हनायचीस ते व्हय? सपाट, ताठ, कोरडी."

फीनानं बोटं मोजली. सपाट. ताठ. कोरडी. चौथं बोट तिनं उभं धरलं आणि त्याच्याकडं बघत राहिली. पातळीत हा शब्द त्यात नव्हताच. तो तिनं पदरचा घातला होता. फरशीला खळगा चालत नाही, फरशीला लवणं चालत नाही. पण सपाट असेल तर फरशी डोंगराच्या उतारावरही सुखानं झोपते.

"मी गाढव आहे," फीना म्हणाली.

लिअँडरनं जरा विचार केला. लग्न झाल्यापासून त्याला असा मोका मिळाला नव्हता. पण बायकोचा चेहरा बघून त्यानं तो सोडला. "चल," तो म्हणाला, "स्क्रूच हायेत. खिळे असते तर मेलो असतो."

स्क्रू उलटे फिरवले. प्लाय उचलला, तासलेल्या पट्ट्या काढल्या, त्या चुलीत जळणाला लावल्या. पुन्हा जुन्या फळ्या दिसल्या, पुन्हा तीन बोटांचा उतार. या वेळी फीनानं पाणसळ पिशवीतच ठेवली. एक लांब सरळ पट्टी घेतली, ती फळ्यांवर उभी धरली आणि पलीकडून लिअँडरला दिवा धरायला लावला. पट्टीखालून उजेड दिसला की तिथं खळगा. पट्टी डगमगली की तिथं उंचवटा. उंचवटे रंध्यानं उतरवले, खळग्यांत पातळ पाचरी भरल्या. अशी ती सबंध स्वैपाकघरभर पट्टी फिरवत गेली, वरून खाली, आडवी, तिरकी, पट्टीखाली उजेडाची रेघ उरेनाशी होईपर्यंत. मग प्लाय, मग त्यावर सिमेंटचा मसाला पसरून सिमेंट बोर्ड, सांध्यांवर जाळीची पट्टी. दिवा या खेपेला झोपला नाही.

टेबल आत आलं. ते आता समुद्राकडं कललं; सगळे पाय एकसारखे झाले होते ना.

लिअँडर त्याच्याकडं बघत राहिला. "पुन्ना चुलीकडचे कापू?"

"काप. नाहीतर काय करणार?"

त्यानं कापले, एक पाय जास्त गेला की बाकीचे पुन्हा त्याच्या मापाला आणत. टेबल सरळ झालं आणि चौरंगाएवढं झालं.

मर्टल आली तेव्हा फरश्या अजून खोक्यांतच होत्या. राखी रंगाचं सिमेंट बोर्ड नुसतं उघडं. तिनं बॅग खाली ठेवली, पेन काढलं, पेन तिच्या हातातनं निसटलं. सगळ्यांनी ते जाताना बघितलं. पेन सावकाश, वळणं घेत, कोपऱ्यात गेलं. थाळी अजून परत ठेवली नव्हती, त्यामुळं वाजलं नाही.

"फीनाताई," मर्टल म्हणाली, "उतार आहे तसाच आहे की."

"आहे तसाच ठेवलाय."

"मला वाटलं होतं, सरळ करणार."

"केला होता," फीना म्हणाली. "पडत होत्या. म्हणून मोडला."

मर्टलनं बूट काढले, मधोमध गेली आणि मोज्यांवर उड्या मारल्या, दोन-तीन, अगदी पोरीसारख्या. कपाटातला एकही कप हलला नाही. मग वाकून तिनं तळहात सगळीकडं फिरवला, चुलीपुढं तर दोनदा. अडकायला काही नव्हतं.

"चला, आत्याबाई."

आत्याबाई दारातनं आल्या. अंगावर चर्चला जायचा झगा, पायांत त्याच सपाता. फीनानं किटली भरली होती, जरा जास्तच. आता ओतून कमी करणंही बरं दिसेना. लिअँडर त्यांच्या मागं, हात पुढं करून उभा, बॉल झेलणाऱ्यासारखा.

"हो बाजूला," आत्याबाई म्हणाल्या. "सावली पडती तुझी."

त्या चढ चढून चुलीशी गेल्या. किटली उचलली. वळल्या, आणि उतारावर जशा रोज झुकायच्या तशा किंचित मागं झुकल्या. पाठ, कंबर, गुडघे सगळं आपापल्या जागी आलं. डोळे तर त्यांनी मिटूनच घेतले होते. त्यांना बघायची गरज नव्हती, पाय सांगत होते. खोलीत किटलीच्या झाकणाचा बारीक आवाज तेवढा येत होता.

टेबलापाशी आत्याबाई थांबल्या आणि किटली ठेवायला हात पुढं केला. हात हवेतच राहिला. त्यांनी तो आणखी खाली नेला. आणखी खाली.

"टेबल कुठं गेलं?"

"हाय, आये," लिअँडर म्हणाला. "जरा बसलंय."

कमरेत वाकून त्यांनी किटली ठेवली. एक थेंब सांडला नव्हता. मर्टल हसायला लागली, मग तिला डोळे पुसावे लागले, आणि ते नुसत्या हसण्यानं नव्हतं. "आमच्या आजीचं घर पण असंच होतं," ती म्हणाली. "बेटावरनं आलेलं. आत्याबाई, तुम्ही इथंच राहा. कळवायचं काही नाही. पण हे टेबल बदला, नाहीतर त्याच्यावरनंच पडाल."

मग फीनानं फरशी लावली, भिजल्या वाळूच्या रंगाची. दोन फरश्यांमधल्या दरजा भरताना मात्र तिनं गावात कुठं केलं नव्हतं ते केलं. फरशीच्या काठापर्यंत, अगदी एकसारख्या भरल्या, नखालाही खाच लागू नये अशा. इतका वेळ कशाला घालवतेस म्हणून लिअँडरनं विचारलं, तर म्हणाली, कामाचं आहे.

शनिवार, सूपचा दिवस होता. आत्याबाई स्टुलावर बसून वाटाणे निवडत होत्या. फीना पिठाच्या पिंपाशी पत्र्याची थाळी ठेवून सरळ होत होती. आत्याबाईंनी एक वाटाणा बोटांत धरला, सुनेकडं, म्हणजे ती जिथं असेल असं वाटत होतं तिकडं बघितलं, आणि सोडला.

वाटाणा टिकटिक करत निघाला. चुलीपुढून गेला, टेबलाखालून गेला, एका दरजेवर जरासा घुटमळला. फीनानं मुठी आवळल्या. मग तो पुढं गेला.

टण्ण.

आत्याबाईंनी मान हलवली आणि पुढचा वाटाणा उचलला.

"हाय तशीच हाय की," त्या म्हणाल्या. "मग इतके दिवस करत काय व्हतीस गं?"